चिकट राहिलेले सतरा नमुने

सतरा नमुने चिकट राहिले आणि त्याचं खापर मी मणीवालीच्या डोक्यावर फोडलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी स्वतःची बाजू मांडायला लागलो तर तुम्ही सावध असाल. स्वतःची बाजू मांडण्यात मी तरबेज आहे. एकट्या माणसाला भांडायला समोर कोणी नसतं, मग तो दोन्ही बाजूंनी स्वतःच भांडतो आणि दर वेळी जिंकतो.

मी सिलिकॉनचा माणूस. एकाच संशोधन संस्थेत, एकाच खोलीत, चौतीस वर्षं रबर मळलं. लग्न जमलं नाही. जमवायला जे जे आले त्यांच्याशीच माझं जमलं नाही. एक मोठी बहीण आहे, ताई. ती दुसऱ्या गावात असते आणि दर रविवारी फोन करून मी जिवंत असल्याची खात्री करून घेते. तिला कमी ऐकू येतं, त्यामुळे मी ओरडून बोलतो, आणि शेजाऱ्यांना वाटतं मी बहिणीशी भांडतोय. बाकीचे सहा दिवस माझ्या घरात फक्त फ्रिज बोलतो.

मणीवाली हे नाव मी ठेवलेलं. ती भिंतीपलीकडच्या खोलीत पेप्टाइडं बनवायची. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा, मण्यांची माळ म्हणा. ठरलेल्या क्रमाने एकेक मणी ओवायचा, धुवायचं, तपासायचं, मग पुढचा मणी. दहा-बारा मण्यांची माळ करायला तिला चार दिवस लागत आणि शेवटी कुपीत दिसायचं ते चिमूटभर पांढरं पीठ.

"एवढ्याशासाठी चार दिवस?" मी पहिल्यांदाच बोललो ते हे.

"आणि तुम्ही सत्तावीस वर्षं चिखल मळताय, त्यातून काय निघालं?" ती म्हणाली. "कुंभार तरी बरा, त्याचं मडकं होतं."

तेव्हापासून मी कुंभार. सात वर्षं मला माझ्या खऱ्या नावाने तिने हाक मारली नाही आणि मीही तिला मारली नाही.

आम्ही दोघं मिळून जे करत होतो ते सोप्या भाषेत सांगतो. अवघड भाषेत सांगायला मणीवालीच लागते. मूत्रपिंडं निकामी झालेल्या काही लोकांच्या पोटात एक नळी कायमची बसवलेली असते. तिच्यातून रोज औषधी पाणी आत सोडायचं, रोज काढायचं. नळी सिलिकॉनची, कारण सिलिकॉन शरीराला त्रास देत नाही. पण शरीर त्याला जवळही करत नाही. कातडी नळीपर्यंत येते आणि थांबते. दोघांमध्ये केसाएवढी फट राहते, आणि जंतूंना केसाएवढी फट म्हणजे हमरस्ता. म्हणून नळीभोवती बसेल अशी अंगठीएवढी कॉलर आम्हाला बनवायची होती. सिलिकॉनचीच, पण तिच्या साखळ्यांना पेप्टाइड जोडलेलं. वरून चोपडलेलं नाही, कारण चोपडलेलं चार दिवसांत धुऊन जातं. मणीवाली आपल्या माळेच्या एका टोकाला सिलिकॉनचा आकडा लावून द्यायची. तो आकडा माझ्या रबरात अडकायचा आणि माळेचं दुसरं टोक बाहेर डोकवायचं. कातडीच्या पेशी त्या टोकाला घरचंच माणूस समजतात आणि धरून ठेवतात.

आमच्या दोन खोल्यांमधल्या भिंतीत स्टीलचं एक कपाट होतं, दोन्हीकडून दारं असलेलं. हवेतली धूळ इकडची तिकडे जाऊ नये म्हणून त्याचं एक दार उघडं असताना दुसरं उघडायचंच नाही. ती कुपी ठेवायची, दार लावायची, मग मी माझं दार उघडायचो. शिवाय एक इंटरकॉम होता. सात वर्षं आमची मैत्री त्या इंटरकॉमवर झाली. सकाळी नऊला तो वाजायचा. "कुंभार, उठलात का?" ती विचारायची, जसं काही मी तिथेच झोपतो. मग वरच्या मजल्यावरचा शेजारी पहाटे सहाला कसा धाडधाड चालतो, तिच्या खिडकीतलं रोपटं कसं मरायला टेकलंय, हे सगळं पाच मिनिटांत. तीही एकटीच राहायची. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही सांगावं लागलं असतं. मास्कशिवायचा तिचा चेहरा मी वर्षातून एकदा, वार्षिक सभेत बघायचो, आणि दर वेळी वाटायचं की ही कोणी दुसरीच आहे. आवाज ऐकला की हायसं वाटायचं.

आता रबराचं. त्याचे दोन भाग येतात. दोन्ही एकत्र मळले की आतलं प्लॅटिनम कामाला लागतं, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि ओव्हनमध्ये तासाभरात रबर घट्ट होतं. प्लॅटिनम असतं नावापुरतं, पण त्याचे नखरे विचारू नका. गंधकाशी त्याचं हाडवैर. कणभर गंधक लागलं तरी ते रुसून बसतं आणि रबर जन्मभर चिकट राहतं. साध्या लेटेक्सच्या हातमोज्यांत गंधक असतं. म्हणून ज्या म्हाताऱ्याने मला हे काम शिकवलं त्याचा एकच मंत्र होता: मोजे काढ, हात धू, हातानेच मळ. पुढे गंधक नसलेले निळे मोजे आले. तेच घालायचे असा नियम आला, भिंतीवर पाटी लागली. मी पाटी वाचली आणि मोजे न घालता मळत राहिलो. मळलेलं एकजीव झालं की नाही हे बोटांना जसं कळतं तसं मोज्यांना कळत नाही, असं माझं म्हणणं. शिवाय माझ्या खोलीत दुसरं होतंच कोण बघायला?

त्या हिवाळ्यात माझ्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली. रविवारी ताईला सांगितलं.

"गंधकाचा साबण लाव!" ती फोनवर ओरडली. तिला वाटतं मलाही कमी ऐकू येतं. "बाजारातला रंगीबेरंगी नको, गंधकाचा! मीच पाठवते!"

सहा वड्या आल्या. रोज सकाळी मी हात रगडून रगडून धुवायला लागलो. आठवड्यात खाज गेली, साबणाची सवय मात्र राहिली.

तुम्हाला आत्ताच कळलं असेल. मला कळायला आठ महिने लागले. चौतीस वर्षं गंधकाच्या धाकात काढलेला माणूस, आणि त्याच्या डोक्यात हे आलं नाही. ती भीती मी रोज संध्याकाळी कोटाबरोबर खोलीतच टांगून येत असे. घरच्या मोरीत मी कुंभार नसायचो, खाज सुटलेला एक म्हातारा असायचो.

दुर्दैव असं की त्याच महिन्यात मणीवालीने नवी माळ केली. आधीची सात मण्यांची होती, तिचे नमुने झकास घट्ट झाले होते, पण पेशी तिला जेमतेमच धरायच्या. नव्या अकरा मण्यांत एक मणी गंधकाचा होता. तो लागणारच होता, त्याशिवाय माळ नीट वळत नव्हती. त्या मण्यावर तिने रासायनिक टोपी घातली होती, म्हणजे गंधक झाकलेलं राहील.

"टोपी घट्ट आहे ना?" मी विचारलं.

"तुमच्या कानटोपीपेक्षा घट्ट आहे."

पहिला नमुना मी ओव्हनमधून काढला तर बोटाला तार आली. गोंद लावल्यासारखा. कपाटातून तिच्याकडे पाठवला.

"हे काय पाठवलंत?" इंटरकॉम वाजला.

"तुमची टोपी उडालेली दिसते."

ती हसली. दुसऱ्या नमुन्यालाही हसली. तिसऱ्याला हसली नाही. पुन्हा चार दिवस बसून तिने माळ नव्याने ओवली, टोपी बदलली, आणखी धुतली, तपासणीचे कागद माझ्याकडे पाठवले. कागद स्वच्छ होते, नमुना चिकट. असं दहा आठवडे चाललं. सकाळी नऊला इंटरकॉम वाजायचा तो थेट कामाचाच. शेजारी नाही, रोपटं नाही. एकदा ती म्हणाली, "कुंभार, तुमच्या बाजूने काही बदललंय का? आठवून बघा."

मला राग आला. खरं सांगायचं तर मला कोणी काही विचारलं की रागच येतो. "माझ्या बाजूने चौतीस वर्षांत काही बदललेलं नाही," मी म्हणालो. "साधं रबर रोज घट्ट होतंय. या आणि बघून जा."

आणि ते होतच होतं! इथेच तर सगळी गोम होती. प्रत्येक वेळी तुलनेसाठी पेप्टाइड नसलेला साधा नमुनाही करावा लागतो. तो मी यंत्रात मळायचो, कारण साधं रबर पिंपभर होतं आणि यंत्राला कमीत कमी अर्धा किलो माल लागतो. पेप्टाइडचा नमुना मात्र चार-पाच ग्रॅमचा. यंत्रात घातला असता तर अर्धा भिंतींनाच चिकटून वाया गेला असता, तिचे चार दिवस मातीत. म्हणून तो हाताने मळायचा, अंगठ्याने साच्यात दाबायचा. एक यंत्राचा, एक हाताचा, आणि मी दोन्ही शेजारी ठेवून छाती पुढे काढून सांगत होतो की फरक फक्त पेप्टाइडचा आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा पोरगाही इतका ढ नसतो.

सतराव्या नमुन्यानंतर मोठ्या बाईंनी बैठक बोलावली. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या प्रमुख. आवाज कधी चढत नाही, म्हणून सगळे घाबरतात. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर मणीवाली, मास्कशिवाय. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. सतरा नमुने ट्रेमध्ये ओळीने मांडलेले. मी साध्या नमुन्यांचा ट्रे शेजारी सरकवला.

"हे घट्ट आहेत, ते चिकट आहेत," मी म्हणालो. "रबर एकच, ओव्हन एकच, मळणारा एकच. दोष कुठे आहे ते मी वेगळं सांगायला नको."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं.

"मळताना मोजे घातले होते ना?" तिने विचारलं. अगदी सावकाश विचारलं.

आता नियम सांगतो. मोजे न घालता शरीरात बसवायच्या वस्तूला हात लावला तर तो नमुना बाद, आणि कागदावर 'मोजे घातले' अशी खूण करून सही केली असेल तर माणूसही बाद. माझ्या सतरा सह्या होत्या. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं असं म्हणणार नाही. क्षणात माणूस मोजत नाही, नुसता घाबरतो.

"हो," मी म्हणालो. "घातले होते."

 ती मान खाली घालून म्हणाली, "मग माझंच काहीतरी चुकत असेल."

मोठ्या बाईंनी वही मिटली. काम बंद करायचं ठरलं. तिची खोली बंद आणि तिची बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला, पिण्याच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या विभागात. सात वर्षं माळा ओवलेल्या बाईने आता नळाच्या पाण्यात क्लोरीन किती ते बघायचं. मी मनाशी म्हणालो, नोकरी तर शाबूत आहे ना. निरोप द्यायला गेलो नाही. काय बोलायचं, हा प्रश्न होता. आणि जे बोलायला हवं होतं ते बोलायचं नव्हतं.

ती गेली आणि खोली शांत झाली. मला वाटलं होतं, बरं झालं, आता डोक्याला ताप नाही. पहिले काही दिवस तसं वाटलंही. मग एका सकाळी नऊ वाजून गेले आणि माझ्या लक्षात आलं की मी हातातलं काम थांबवून उभा आहे. काही वाजलं नव्हतं, वाजणारही नव्हतं. मी घसा खाकरला, तर आवाज नीट निघेना. आदल्या रविवारनंतर मी कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो, आणि तो दिवस गुरुवार होता. बसमध्ये वाहकाशी बोलावं म्हणून मी सुटे पैसे नाहीत असं खोटं सांगायला लागलो. तो वैतागायचा, दोन वाक्यं बोलायचा. तेवढंच.

मला तिची आठवण यायची हे म्हणायला मला साठाव्या वर्षी लाज वाटत होती. आता वाटत नाही. यायची. मळताना यायची, जेवताना यायची, रोपटं विकणारी गाडी दिसली की यायची. ते रोपटं जगलं की मेलं हेही मला माहीत नव्हतं.

मग ताईच्या कानात घालायच्या यंत्राचं टोक फुटलं. कानात बसतो तो मऊ साचा असतो ना, तो. नवा करायला तिच्या गावात दोन महिने थांबायला सांगितलं. "तू एवढा मोठा रबरवाला, बहिणीसाठी एक बोळा करता येत नाही?" ती म्हणाली. तिने फुटलेला तुकडा टपालाने पाठवला. मी त्याचा प्लॅस्टरचा साचा केला, दुपारच्या सुटीत चार ग्रॅम साधं रबर घेतलं, हाताने मळलं, अंगठ्याने दाबलं, ओव्हनमध्ये ठेवलं.

चिकट.

मी रबराला शिव्या घातल्या. नवं पिंप फोडलं, पुन्हा मळलं. चिकट. ओव्हनचं तापमान तपासलं, बरोबर होतं. प्लॅस्टर ओलं असेल म्हणून काचेवर केलं. तेही चिकट. यंत्रात अर्धा किलो मळून बघितलं, तर एका तासात असं घट्ट की टाकलं तर उडेल.

पेप्टाइड नव्हतंच. मणीवाली तर आठ मैलांवर नळाचं पाणी तपासत होती.

मी स्टुलावर बसलो. तळहात नाकाशी नेले. सकाळच्या साबणाचा मंद वास होता, जुन्या काडेपेटीसारखा. इतके महिने तो माझ्या नाकाखाली होता, शब्दशः.

तीन दिवस मी काही केलं नाही. हेही सांगतो. तिन्ही दिवस मी दोन्ही बाजूंनी भांडलो आणि पहिल्यांदाच हरलो. चौथ्या दिवशी माझ्या खोलीतला फ्रीझर उघडला. आत तळाशी तिची एक कुपी राहिली होती, अकरा मण्यांची, वर तिच्या अक्षरात तारीख. शेवटची. मी निळे मोजे घातले, दोन-दोन, एकावर एक. मळलं, साच्यात भरलं. तो एक तास मी ओव्हनसमोर उभाच होतो.

कॉलर साच्यातून टक्कन सुटून हातात आली. कोरडी, गुळगुळीत. बोटाने दाबली तर दबली, सोडली तर पूर्ववत. तिची माळ पहिल्या दिवसापासून बरोबर होती. टोपी घट्ट होती. मी ती कॉलर हातात धरून रडलो. रडताना कोणी विचारायला आलं नाही. एकटं असण्याचा तेवढा एकच फायदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या बाईंसमोर तीन वस्तू ठेवल्या: ताईचा चिकट बोळा, ती कॉलर आणि साबणाची अर्धी झिजलेली वडी. आणि चौथी वस्तू म्हणजे एक कागद, सगळं लिहून सही केलेला. सतरा सह्या खोट्या होत्या हेही त्यात होतं.

त्यांनी दोनदा वाचला. "हा कागद मी फाइलमध्ये लावला तर तुम्हाला त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवता येणार नाही," त्या म्हणाल्या. "उरलेले आठ महिने भांडारात. निरोपसमारंभ वगैरे काही नाही."

"लावा," मी म्हणालो.

"नुसतं एवढंच सांगू शकला असतात की मोजे चढवताना साबण त्यांना बाहेरून लागला. मोज्यांचं कोणाला कळलं नसतं."

"तिने विचारलं होतं," मी म्हणालो.

मोठ्या बाईंनी कागद फाइलमध्ये लावला. मणीवालीला परत बोलावण्याचं पत्र त्या आठवड्यात निघेल, असं म्हणाल्या. मी म्हटलं, पत्राआधी मला जाऊ द्या.

पाणी तपासणीचं ऑफिस बसच्या शेवटच्या थांब्यावर होतं. लांब व्हरांडा, बाटल्यांचे खोके, क्लोरीनचा वास. ती बाहेर आली. पांढरा कोट तोच, मास्क नव्हता. मी तिचा चेहरा अनोळखी वाटण्याची वाट बघितली, पण तसं झालं नाही.

"कुंभार," ती म्हणाली. "इकडे कुठे?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. खाज, साबण, यंत्राचे नमुने, हाताचे नमुने, ताईचा बोळा, तिची शेवटची कुपी. सांगून झाल्यावर म्हणालो, "आणि मोजे नव्हते. त्या दिवशी मी खोटं बोललो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

मला वाटलं, मोठ्या बाईंनी फोन केला असावा. तसं विचारलं.

"नाही हो. तेव्हाच माहीत होतं." ती खोक्यावर टेकली. "माझं काय चुकतंय ते शोधायला मी तुमचे नमुने भिंगाखाली धरायचे. रोज. मागच्या बाजूला तुमच्या अंगठ्याच्या रेषा उमटलेल्या असायच्या. स्पष्ट, गोल गोल. मोज्यांना रेषा नसतात, कुंभार."

"मग बैठकीत का नाही बोललात?"

"विचारलं की. सगळ्यांसमोर विचारलं."

"तसं नाही. रेषा दाखवायच्या होत्या."

"दाखवल्या असत्या तर तुमची नोकरी त्याच दिवशी गेली असती. आणि नमुना का बिघडतो ते तरी कुठे कळलं असतं? नुसता हात लागला म्हणून रबर बिघडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलेलं. मला खरोखर वाटत होतं, माझंच चुकत असेल. मला फक्त कारण शोधायचं होतं. तुम्ही 'नव्हते' म्हणाला असता तर दोघांनी मिळून शोधलं असतं. आठवडा लागला असता फार तर."

आतून कोणीतरी तिला हाक मारली. "आले," ती म्हणाली, पण उठली नाही.

"तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा वाटलं, चारचौघांत लाजलात. एकटे असताना सांगाल. म्हणून मी खोली रिकामी करायला पंधरा दिवस लावले. दोन दिवसांचं काम होतं ते. त्याच कुप्या खोक्यात भरायच्या, पुन्हा काढायच्या. इंटरकॉमशेजारी स्टूल ओढून बसायचे. म्हटलं आपणहून नको वाजवायला, त्यांचं त्यांना वाटू दे."

त्या पंधरा दिवसांत मी भिंतीच्या अलीकडे होतो, फार तर चार पावलांवर. काय करत होतो ते आठवतंय. तिकडचे खोके सरकवल्याचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून यंत्र रिकामंच चालू ठेवत होतो.

"ती जागा तुम्हाला परत मिळतेय," मी म्हणालो. "पत्र येईल. मळायला दुसरं माणूस असेल. मी नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने ते चांगलं म्हणून म्हटलं की वाईट म्हणून, मला कळलं नाही. इतकी वर्षं नुसत्या आवाजावरून मला तिचं सगळं कळायचं.

"मग सोळाव्या दिवशी?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे. बोलणं संपू नये एवढंच असेल.

ती उठली, कोटावरची धूळ झटकली.

"सोळाव्या दिवशी किल्ली दिली आणि निघाले," ती म्हणाली. आतून पुन्हा हाक आली, आणि या वेळी ती गेली.